स्टँड मिक्सर घेताय? आधी पिठाचा हिशेब मांडा

स्टँड मिक्सर, म्हणजे ओट्यावर ठेवून फेटायचं-मळायचं यंत्र, ही स्वयंपाकघरातल्या महागड्या खरेदींपैकी एक. नीट निवडला तर तो वर्षानुवर्षं इमानेइतबारे राबतो. निवड फसली तर दोन-चार केक होतात आणि मग तो कपाटावर धूळ खात बसतो. घेताना बहुतेक जण रंग, वॅटचा आकडा आणि सोबत काय काय फुकट मिळतं ते बघतात. माझं सांगणं एवढंच आहे की तुम्ही घरी वारंवार करता त्यातलं सगळ्यात जड काम कोणतं ते आधी ठरवा आणि मिक्सर त्या कामासाठी घ्या. बेकिंग करणाऱ्या घरात ते काम बहुधा ब्रेडचं पीठ मळण्याचं असतं. अंडी, क्रीम, केकचं मिश्रण हे सगळं कुठलाही बऱ्यापैकी मिक्सर फेटून देतो. यंत्राचा खरा कस लागतो तो घट्ट गोळा मळताना.

मुळात हे यंत्र जन्माला आलं तेच पिठापायी. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या होबार्ट कंपनीत हर्बर्ट जॉन्स्टन नावाचे अभियंते होते. 1908 मध्ये त्यांनी एका बेकरीवाल्याला धातूच्या चमच्याने ब्रेडचं पीठ कालवताना पाहिलं आणि हे काम यंत्रानेच व्हायला हवं असं त्यांनी मनावर घेतलं. त्यातून बेकऱ्यांसाठी सुमारे 75 लिटर भांड्याचा मिक्सर तयार झाला, पुढे तो अमेरिकी नौदलाच्या जहाजांवर पोचला आणि 1919 मध्ये त्याची घरगुती आवृत्ती ‘किचनएड’ नावाने विक्रीला आली. त्या पहिल्या घरगुती मॉडेलचं वजन 30 किलोच्या आसपास होतं.

पहिली पायरी: काय करता ते कागदावर लिहा

दुकानात जाण्याआधी गेल्या दोन-तीन महिन्यांत घरी काय काय भाजलं, फेटलं, मळलं ते आठवून लिहून काढा. पुढे काय करायची इच्छा आहे ते यात धरू नका, प्रत्यक्षात केलेलंच लिहा. त्या यादीत तीन गोष्टींवर खूण करा: सगळ्यात जड काम, सगळ्यात जास्त वेळा केलेलं काम आणि सगळ्यात छोट्या मापाचं काम.

तिसरी खूण बहुतेक जण विसरतात. मोठ्या भांड्यात थोडं मिश्रण घेतलं की फेटणीची तारच तिथवर पोचत नाही. दोन अंड्यांचा पांढरा बलक मोठ्या भांड्याच्या तळाशी पसरून राहतो आणि व्हिस्क वरच्या वर फिरत राहते. दोघांपुरतंच करणाऱ्या घराने सहा-सात लिटरचं भांडं घेतलं तर रोज हीच कटकट.

यादीत महिन्याकाठी एखादा केक आणि कधीतरी थोडं क्रीम एवढंच असेल, तर हातात धरायचा हँड मिक्सर पुरेसा आहे. आठवड्याला ब्रेड होतो, सणासुदीला कुकीजचे दोन-तीन घाणे निघतात, मेरिंग (पांढरा बलक आणि साखरेचा घट्ट फेस) किंवा बटरक्रीम लागतं, किंवा मनगट दुखत असल्यामुळे मळणं जड जातं, तर स्टँड मिक्सरवर पैसे टाकणं सार्थकी लागतं. मळताना आठ-दहा मिनिटं हात मोकळे राहतात, हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा आहे आणि तो रोज जाणवतो.

दुसरी पायरी: जागा मोजा

ही पायरी रटाळ वाटते, पण मिक्सर वापरला जाणार की पडून राहणार हे इथेच ठरतं. धातूच्या अंगाचा घरगुती मिक्सर साधारण 10 ते 12 किलोचा असतो. दर वेळी खालच्या कपाटातून एवढं वजन उचलून ओट्यावर ठेवायचं असेल, तर आपण हळूहळू ते टाळायला लागतो. म्हणून त्याला कायमची जागा देता येत असेल तरच जड यंत्राच्या वाटेला जा.

टेप घेऊन ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंतचं अंतर मोजा. डोकं मागे कलणाऱ्या मिक्सरची उंची साधारण 35 सेंटिमीटर असते, पण डोकं वर उचललं की ती 45 सेंटिमीटरच्या आसपास जाते. दरवेळी यंत्र कपाटाखालून बाहेर ओढावं लागेल का, ते बघा. प्लगपर्यंत वायर पोचते का, तेही आत्ताच पाहून ठेवा.

तिसरी पायरी: यंत्राची रचना समजून घ्या

बहुतेक घरगुती स्टँड मिक्सरमध्ये भांडं जागचं हलत नाही. फेटणी स्वतःभोवती एका दिशेने फिरते आणि त्याच वेळी उलट दिशेने भांड्यात चक्कर मारते. याला प्लॅनेटरी मिक्सिंग म्हणतात. त्यामुळे भांड्याच्या कडेपासून मधल्या भागापर्यंत सगळीकडे फेटणी पोचते.

यात दोन घडणी आहेत. एकात डोकं बिजागरीवर मागे कलतं. भांड्यात डोकावणं, कडा खरवडणं, साहित्य घालणं त्यात सोपं जातं. दुसऱ्यात डोकं पक्कं असतं आणि भांडं यंत्राच्याच दोन दांड्यांवर बसवून खालून वर चढवायचं असतं. जड पीठ मळताना ही दुसरी घडण जास्त स्थिर राहते, कारण बिजागरी नसल्याने डोकं उसळायचा प्रश्न येत नाही. आठवड्याला एक-दोन ब्रेड होत असतील तर कलणारं डोकं पुरतं. दर खेपेला किलोभर किंवा त्याहून जास्त कोरडं पीठ मळायचं असेल, तर वर चढणाऱ्या भांड्याचाच विचार करा.

तिसरी एक वेगळीच जात आहे. स्वीडनमध्ये 1940 पासून बनणाऱ्या अँकरस्रुमच्या मिक्सरमध्ये भांडंच फिरतं आणि एक खाचांचा रोलर पीठ दाबत राहतो. ब्रेडवेड्या माणसांचा तो लाडका आहे. मात्र त्याची सवय व्हायला वेळ लागतो आणि क्रीम-अंड्यांसाठी वेगळं भांडं लावावं लागतं.

आता वॅट. डब्यावर ठळक छापलेला हा आकडा सगळ्यात जास्त दिशाभूल करतो. यंत्र विजेच्या तारेतून किती शक्ती घेतं, ते वॅट सांगतात. त्यातली किती शक्ती पीठ मळायच्या हुकपर्यंत पोचते, ते सांगत नाहीत. युरोपात विकल्या जाणाऱ्या किचनएडच्या 4.8 लिटरच्या ‘आर्टिझन’ मॉडेलवर 300 वॅट लिहिलेलं असतं, तर केनवुड कंपनीच्या मोठ्या मॉडेलवर 1000च्या वरचा आकडा दिसतो. दोन्ही ब्रेडचं पीठ मळतात. मोटरचा जोर गियरमधून जातो की पट्ट्यावरून, गियर धातूचे आहेत की प्लास्टिकचे, अंग किती जड आणि घट्ट आहे, यावर खरा फरक पडतो. हलक्या प्लास्टिकच्या अंगात मोठ्या वॅटची मोटर बसवली, तर घट्ट गोळा मळताना अख्खं यंत्र ओट्यावरून सरकायला लागतं.

म्हणून आकडा बाजूला ठेवा आणि माहितीपुस्तिका मागून घ्या किंवा कंपनीच्या साइटवर वाचा. तीन ओळी शोधायच्या: एका वेळी जास्तीत जास्त किती कोरडं पीठ चालतं, कोणत्या वेगावर मळायचं आणि सलग किती मिनिटं. ‘पीठ मळताना दोन-तीन मिनिटांनी थांबून यंत्र थंड होऊ द्या’ असं लिहिलं असेल, तर तो मिक्सर केकसाठी आहे, ब्रेडसाठी नाही. माझ्या मते अख्ख्या पुस्तिकेत यापेक्षा मोलाची ओळ नसते.

चौथी पायरी: भांड्याचं माप

भांड्याचे लिटर काठापर्यंतचे असतात. पीठ किती मळता येईल ते मोटरवर ठरतं, आणि मिश्रण किती मावेल ते फुगण्यावर. चार-साडेचार लिटरचं भांडं लहान कुटुंबाला छान पुरतं. साधारण 4.8 लिटरचं माप एका केकला आणि दोन मध्यम ब्रेडला सोयीचं. त्याहून मोठं तेव्हाच घ्या, जेव्हा कागदावरच्या यादीत मोठे घाणे वारंवार दिसतात. काही मॉडेलना तीन लिटरचं छोटं भांडं वेगळं मिळतं. एकाच यंत्रावर मोठं आणि छोटं अशी दोन्ही कामं करायची असतील, तर पास्ता रोलरच्या आधी ते भांडं घ्या.

पाचवी पायरी: हुक, बीटर, व्हिस्क

सोबत तीन जोड येतात. चपटा बीटर लोणी-साखर आणि केक-कुकीजच्या मिश्रणासाठी, तारांची व्हिस्क अंडी आणि क्रीमसाठी, हुक पिठासाठी. हुक दोन आकारांत येतो. साध्या वळलेल्या हुकवर पीठ चढत जातं आणि मधूनमधून थांबवून खाली ओढावं लागतं. स्क्रूसारखा पिळाचा हुक पीठ खाली दाबतो, त्यामुळे मळणं जास्त नीट होतं. मात्र ज्या यंत्रासाठी जो हुक बनवला तोच लावायचा.

धातूकडेही लक्ष द्या. पॉलिश केलेल्या साध्या ॲल्युमिनियमचे जोड डिशवॉशरमध्ये घातले की काळपट पडतात आणि हाताला राखाडी डाग लागतात. पांढऱ्या लेपाचे जोड डिशवॉशरमध्ये चालतात, पण लेपाचा टवका उडाला की तो जोड बदलायचा. स्टेनलेस स्टीलचे मिळत असतील तर थोडे जास्त पैसे गेले तरी तेच घ्या.

ज्यूसर, किसणी, खिमा यंत्र, पास्ता रोलर हे पुढच्या तोंडाला लागणारे जोड पहिल्या दिवशी घेऊ नका. सहा महिने मूळ मिक्सर वापरा, मग काय कमी पडतं ते आपोआप कळेल.

सहावी पायरी: पैसे देण्याआधी

दुसऱ्या देशातून आणायचा बेत असेल तर यंत्राच्या तळावरची, व्होल्ट लिहिलेली पट्टी वाचा. 110-120 व्होल्टचं यंत्र 220-240 व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावलं तर मोटर जळते. प्लगचा अडॅप्टर फक्त पिना बदलतो, व्होल्ट बदलत नाही. ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो, तो यंत्राच्या वॅटपेक्षा बराच मोठा असावा लागतो आणि बऱ्याचदा अशा यंत्राला हमी लागू होत नाही. एवढ्या खटपटीपेक्षा आपल्याकडच्या विजेचं मॉडेल घेणं शहाणपणाचं.

विक्रेत्याला एकच प्रश्न नेटाने विचारा: गियर, कार्बन ब्रश (मोटरमधला झिजणारा भाग) आणि हुक सुटे मिळतात का, आणि दुरुस्ती कुठे होते? हमी किती वर्षांची याहून या प्रश्नाचं उत्तर महत्त्वाचं आहे. सुटे भाग मिळतात असं यंत्र हमी संपल्यावरही वापरात राहतं.

वापरलेला मिक्सर घ्यायलाही हरकत नाही. जुन्या धातूच्या यंत्रांत दम असतो. घेताना ते रिकामं चालवा, सगळे वेग एकेक करून लावून बघा. करकर किंवा दात सटकल्यासारखा आवाज, जळका वास, कुलूप लावूनही डुगडुगणारं डोकं, सैल झालेला भांड्याचा तळ, यापैकी काही दिसलं तर सोडून द्या. फेटणीच्या दांड्याशी थोडं तेल दिसलं तर घाबरू नका. बरेच दिवस न वापरलेल्या यंत्रात ग्रीसमधलं तेल सुटून खाली येतं, ग्रीस बदललं की काम होतं. शक्य असेल तर अर्धा किलो पीठ सोबत न्या आणि तिथेच मळून बघा.

सातवी पायरी: घरी आणल्यावर नाण्याची परीक्षा

नव्या मिक्सरमध्ये बीटर आणि तळ यांतलं अंतर बरोबर असेलच असं नाही. धुतलेलं नाणं रिकाम्या भांड्यात टाका, चपटा बीटर लावा आणि सगळ्यात हळू वेगावर चालवा. दर फेरीला बीटरने नाण्याला हलकंसं ढकललं, जेमतेम सेंटिमीटरभर, तर अंतर बरोबर आहे. नाणं हललंच नाही तर बीटर उंच आहे, तळाशी लोणी न फेटलेलं राहणार. नाणं सतत फरफटत गेलं तर बीटर तळाला घासणार आणि लेप निघणार. कलणाऱ्या डोक्याच्या बऱ्याच यंत्रांत बिजागरीपाशी एक स्क्रू असतो. प्लग काढून तो पाव-पाव फेरा फिरवत अंतर जुळवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढचे सगळे केक त्यावर अवलंबून असतात.

आठवी पायरी: पहिलं पीठ

पहिल्यांदा साधा ब्रेड करा. 500 ग्रॅम मैदा, 325 ग्रॅम पाणी, 10 ग्रॅम मीठ, 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. मैदा आणि पाणी हुकने सगळ्यात हळू वेगावर दोन मिनिटं फिरवा, कोरडं पीठ दिसेनासं झालं की बंद करा आणि झाकून वीस-तीस मिनिटं तसंच ठेवा. पाणी पिठात मुरतं, ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, आपलं आपण जुळायला लागतं आणि यंत्राचं अर्धं काम वाचतं. मग मीठ-यीस्ट घालून दुसऱ्या वेगावर सहा ते आठ मिनिटं मळा. गडबड वाटली म्हणून वेग वाढवू नका. मोटर आणि गियर खराब होतात ते बहुधा घट्ट पीठ मोठ्या वेगावर फिरवल्यामुळे. पाण्याचं प्रमाण मैद्याच्या वजनाच्या 55 टक्क्यांवर आणलं, तर तेच 500 ग्रॅम यंत्राला कितीतरी जड जातं, तेव्हा घट्ट पिठासाठी घाणा लहान करा.

पीठ झालं की नाही हे घड्याळावर सोडू नका. भांड्याच्या कडा साफ होतात, गोळा हुकभोवती गोळा होऊन फटके मारायला लागतो. लिंबाएवढा तुकडा तोडून बोटांनी हळूहळू ताणा. तो न फाटता पातळ होत गेला आणि पलीकडचा उजेड दिसला, तर झालं. लगेच तुटला तर आणखी दोन मिनिटं.

मिक्सरवर मळताना हमखास दुर्लक्ष होतं ते उष्णतेकडे. घर्षणाने पीठ तापतं. ब्रेडचं पीठ मळून निघताना 24 ते 26 अंशांवर असावं; 30 च्या वर गेलं की ते चिकट होतं, यीस्ट घाई करतं आणि चव साधी राहते. यावर बेकरीवाल्यांचा एक सोपा हिशेब आहे. पहिल्या वेळी खोली, कोरडं पीठ आणि पाणी यांचं तापमान लिहून ठेवा. समजा खोली 26, पीठ 26, पाणी 20, बेरीज 72. मळून झाल्यावर गोळ्यात थर्मामीटर खुपसला, तो 28 दाखवतो. 28 ला 3 ने गुणलं की 84. 84 वजा 72 म्हणजे 12, हा तुमच्या मिक्सरचा घर्षणाचा आकडा. पुढच्या वेळी खोली 29 आणि पीठ 28 असेल आणि गोळा 25 अंशांवर हवा असेल, तर 25 गुणिले 3 म्हणजे 75, त्यातून 29, 28 आणि 12 वजा करा. उरले 6. तितकं गार पाणी घाला. फ्रिजमधलं पाणी साधारण तेवढंच गार असतं.

अंडी, क्रीम, लोणी

पांढऱ्या बलकाला चरबीचं वावडं आहे. भांड्याला तेलाचा ओशटपणा असेल किंवा पिवळ्याचा थेंब पडला असेल तर फेस चढत नाही. भांडं आणि व्हिस्क कोरड्या स्वच्छ कापडाने पुसून घ्या. मध्यम वेगाने सुरुवात करा, बारीक फेस आला की वेग वाढवा आणि साखर चमचा-चमचाच घाला. पहिल्याच मिनिटात मोठा वेग लावला तर बुडबुडे मोठे आणि ठिसूळ होतात.

क्रीम आणि भांडं दोन्ही थंड हवीत. शेवटची पायरी हाताने करा. व्हिस्क उचलल्यावर क्रीमचे मऊ शेंडे उभे राहिले की मिक्सर बंद करायचा आणि उरलेले काही फटके साध्या व्हिस्कने मारायचे, कारण यंत्रावर काही सेकंदांत क्रीमचं लोणी होतं.

केकसाठी लोणी 18 ते 20 अंशांचं घ्या: बोट दाबलं की खळगा पडेल, पण चमक दिसणार नाही. साखरेबरोबर मध्यम वेगावर तीन-पाच मिनिटं फेटल्यावर त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. बेकिंग पावडर नवे बुडबुडे करत नाही, आहेत तेच फुगवते, त्यामुळे ही मिनिटं वाया जात नाहीत. मधे एकदा-दोनदा थांबवून कडा आणि तळ खरवडा. मैदा घातल्यावर सगळ्यात हळू वेग, आणि पांढरे पट्टे दिसेनासे होताच बंद.

निगा

जोड बदलताना प्लग काढलेला असावा. मोकळे केस, लोंबती बाही, ओढणी यंत्रापासून दूर ठेवा आणि फिरत्या हुकजवळ हात नेऊ नका. मळताना यंत्र थोडं सरकतं, म्हणून ते ओट्याच्या कडेशी ठेवू नका आणि चालू असताना दुसऱ्या खोलीत जाऊ नका.

वापर झाला की दांड्याभोवती अडकलेलं पीठ ओल्या कापडाने लगेच पुसा. वाळल्यावर ते दगड होतं. जोड लावायची पिन सैल झाली आहे का हे अधूनमधून बघा. डोकं डुगडुगायला लागलं की बिजागरीचा स्क्रू आवळा. दर आठवड्याला मळत असाल तर काही वर्षांनी आतलं ग्रीस बदलून घ्या. दुरुस्तीवाला ते अर्ध्या तासात करून देतो. आणि एखाद्या दिवशी मोटरचा आवाज येतोय पण हुक जागचा हलत नाही असं झालं, तर यंत्र गेलं असं समजू नका. काही मिक्सरमध्ये एक दातेरी चाक मुद्दाम इतरांपेक्षा मऊ बसवलेलं असतं, जास्त ताण आला की ते झिजतं आणि मोटर वाचते. ते चाक सुटं मिळतं. बदलून घ्या, आणि पुढच्या वेळी घाणा थोडा लहान ठेवा.